नाण्यावरची अनोळखी माणसे

लक्ष्मीपूजनाच्या ताटात नोटा असतात, बँकेची पुस्तके असतात, व्यापाऱ्याच्या घरी चोपड्या असतात. पण ताटाचा मधला मान असतो तो चांदीच्या नाण्याचा. पैशाचा निम्मा व्यवहार आता खिशातल्या फोनवरून होऊ लागला, तरी त्या फोनला कुंकू लावताना मी अजून कोणाला पाहिलेले नाही. चांदीचे नाणे मात्र वर्षभर डबीत झोपते आणि आश्विनी अमावास्येला उठून दुधाने अंघोळ करते.

वाचकहो, यंदा ताट मांडाल तेव्हा त्यातली नाणी जरा उलटसुलट करून पाहा. त्यांत बहुधा दोन जाती सापडतील. एक जात सराफाकडची. धनत्रयोदशीला प्लॅस्टिकच्या चौकटीत मिळते ती; वर लक्ष्मी, खाली दुकानाचे नाव. दुसरी जात आजीच्या पेटीतली, राणीछाप, कडा झिजलेली, काळवंडलेली. काट्यावर टाकाल तर पहिलीतली चांदी अधिक शुद्ध निघेल. पण आम्हा भाषेच्या मास्तरांना विचाराल तर पहिले ते नाणेच नव्हे, ती चकती! नाणे आहे ते दुसरे.

या सदराचे जुने वाचक आता गालात हसतील. ‘आला, स्वारी शब्दावर आली’ म्हणतील. म्हणू द्या. दिवाळी अंकात संपादक मला नेहमीपेक्षा दोन पाने अधिक देतात, ती शब्दांवर उधळायची नाहीत तर कशावर?

तर ‘रुपया’ हा शब्द. रुपे म्हणजे चांदी, म्हणून चांदीचा तो रुपया, असे आपण शाळेपासून समजत आलो. पण पाणिनीच्या व्याकरणात ‘रूप्य’ शब्द ज्या अर्थांनी सिद्ध केला आहे, त्यांत चांदी नाही. ज्याच्यावर रूप ठोकून उमटवले आहे ते रूप्य, हा एक अर्थ. आणि ज्याचे रूप वाखाणण्याजोगे आहे ते रूप्य, हा दुसरा. ठोकून उमटवलेले म्हणजे ‘आहत’. पुराणवस्तूंचे अभ्यासक आपल्याकडच्या सर्वांत जुन्या नाण्यांना ‘आहत नाणी’ म्हणतात, ते याच अर्थाने. म्हणजे धातूला रुपया करणारी गोष्ट चांदी नव्हे, ठसा होय. चांदी पुढे त्या शब्दाला येऊन चिकटली. सोळाव्या शतकात, १५४० ते १५४५ च्या दरम्यान, शेरशहाने चांदीचा ‘रुपिया’ पाडला आणि ते नाव कायमचे रूढ झाले.

ठसा म्हणजे तरी काय? ठसा म्हणजे कोणीतरी दिलेला शब्द. ‘या तुकड्याची किंमत अमुक, तिची हमी माझी’ असे सांगणारा. म्हणून तर नाण्यावर कोणाचे रूप उमटवायचे हा अधिकार राजे लोक जिवापाड जपत. रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवरायांनी होन आणि शिवराई पाडली, ती काय केवळ बाजारात सुट्या पैशांची टंचाई होती म्हणून? नाणे हा राज्याचा उच्चार असतो. आपल्या मराठीनेही हे नेमके ओळखले. मोठ्या माणसाला आपण ‘नाणावलेला’ म्हणतो. बाणेदार माणसाला ‘बंदा रुपया’ म्हणतो. भरवसा नसला म्हणजे ‘नाणे वाजवून घ्या’ म्हणतो. एवढे सगळे वाक्प्रचार एका चकतीभोवती उगाच जमत नाहीत.

आता आजीच्या पेटीतल्या त्या राणीछापाकडे वळू. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, त्यातले बारा भागांतले अकरा भाग चांदी. हिशेब केला तर निखळ चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या जरा आत. त्याच्यावर आधी चौथा विल्यम आला, मग राणी व्हिक्टोरिया, मग सातवा एडवर्ड, मग पाचवा आणि सहावा जॉर्ज. मुंडकी बदलली, चांदी शंभरावर वर्षे बदलली नाही. त्यामुळे खेड्यातल्या बाईने एक साधी बँक शोधून काढली. रुपये साठले की सोनाराकडे जायचे आणि ते आटवून तोडे, वाक्या नाहीतर गोठ करून घ्यायचे. लमाणांच्या तांड्यावरच्या बायांना आटवण्याचीही गरज वाटत नसे. त्या रुपयांनाच कडी लावून हार करीत. राजाची मुद्रा गळ्यात, आणि वर आरसे लावलेली ओढणी! राजाच्या रूपाशी कोणालाच कर्तव्य नव्हते. कर्तव्य होते चांदीशी.

आम्ही मराठवाड्यातली माणसे. आमच्याकडे या हिशेबाला आणखी एक फाटा होता. निजामाचा चारमिनार छापलेला ‘हाली’ रुपया आणि इंग्रजांचा ‘कलदार’, असे दोन रुपये माझ्या आजीने हाताळले. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. तो हालीपेक्षा भारी. आजी अखेरपर्यंत खणखणीत वस्तूला ‘कलदार’ म्हणे. मग ती वस्तू घागर असो, बैल असो की माझ्या धाकट्या भावाचे रडणे असो.

या कलदाराला पहिला धक्का दिला दुसऱ्या महायुद्धाने. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल नि जस्त. तेही पुरेना. युद्धात अमेरिकेकडून हिंदुस्थानने २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली. उधारी-पट्ट्याच्या करारातली, युद्ध संपल्यावर परत करायच्या बोलीवर. १९४६-४७ मध्ये चांदी रुपयातून पुरती हद्दपार झाली आणि निकेलचा रुपया निघाला. पुढे स्वतंत्र भारताने ही उसनवारी फेडली ती कशी? तर लोकांच्या हातातून परत आलेली निम्म्या चांदीची नाणी कलकत्त्याला अलीपूरच्या कारखान्यात गाळून, चांदी वेगळी काढून! ज्या अलीपूरच्या नव्या टाकसाळीचे १९५२ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून उद्घाटन केले, तेच हे अलीपूर.

तेव्हा १५ ऑगस्ट १९४७ च्या त्या मध्यरात्री आपल्या पूर्वजांच्या खिशात काय खुळखुळत होते, याचा विचार करा. निकेलचा रुपया. त्याच्या एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ, आत चांदीचा कण नाही, आणि चांदीचे देणे डोक्यावर. टपाल खाते त्या मानाने चपळ निघाले. २१ नोव्हेंबर १९४७ ला तिरंग्याचे तिकीट बाजारात आले. नाण्यावरून राजाला खाली उतरायला मात्र तीन वर्षे लागली. १५ ऑगस्ट १९५० ला स्वतंत्र भारताची नाणी आली. राजाच्या जागी अशोकाची सिंहमुद्रा आणि वाघाच्या जागी धान्याची कणसे.

येथवर मी आलो तो एका नाण्याच्या नादाने, आणि ते नाणे अजून तुम्हांला दाखवलेच नाही. ते आमच्या महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात गेल्या पावसाळ्यात अवतरले. अर्थशास्त्राचे आमचे सहकारी वडिलांची ट्रंक आवरीत होते. तीत त्यांना ते मखमली डबीत मिळाले. मधल्या सुटीत ते हातोहात फिरू लागले. १९७२ सालचे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे, दहा रुपयांचे चांदीचे नाणे. तळहात निम्मा भरेल एवढे. व्यास सुमारे ३९ मिलिमीटर, वजन बावीस ग्रॅमांहून थोडे अधिक. एका बाजूला सिंहमुद्रा. दुसऱ्या बाजूला संसद भवनाची ती गोल, खांबाखांबांची इमारत आणि तिच्यापुढे राष्ट्रध्वज घेतलेले एक जोडपे. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण, म्हणजे मुंबईच्या टाकसाळीचे.

“किती येतील हो याचे?” हा पहिला प्रश्न. तो भूगोलाने विचारला. इतिहासाने भिंग मागितले. गणिताने मोबाइलवर चांदीचा भाव काढला. अर्थशास्त्र मात्र गंभीरपणे म्हणाले, “सर, मौज अशी की यातही चांदी निम्मीच आहे. लढाईतल्या रुपयासारखी.”

मग आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. बावीस ग्रॅमांतली निम्मी, म्हणजे निखळ चांदी सुमारे अकरा ग्रॅम. आणि राणीछाप रुपयात पावणेअकरा! म्हणजे १९७२ चे दहा रुपये आणि राणीचा एक रुपया यांत चांदी जवळजवळ सारखीच. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे निघाले, त्यात बारा ग्रॅम चांदी होती. तीनच वर्षांत ती एवढी उतरली. १९७४ साली पन्नास रुपयांचे नाणे निघाले, त्यात सतरा ग्रॅमांच्या आसपास. रुपयाचा आकडा वाढत चालला आणि चांदी आपल्या जागी बसून त्याच्याकडे पाहत राहिली. महागाईवरची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. इतके थोडक्यात ती मला कोणी समजावली नव्हती.

इतक्यात चहा घेऊन आमचे शिपाईमामा आले. वयाने साठीकडे झुकलेले, आमच्यापेक्षा संस्थेत जुने. त्यांनी हात धोतराला पुसून नाणे घेतले, उजेडाकडे नेले आणि विचारले, “सर, ह्याच्यावर कोन हाय?”

“कोणी नाही मामा. एक बाई आणि एक माणूस.”

“ते दिसतंय की. पर कोन?”

“कोणीच नाही हो. साधी माणसं. तुमच्या-आमच्यासारखी.”

मामांनी नाणे परत ठेवले. “कुणाचंच न्हाई? मंग चालतंय कसं?”

सगळे हसले. तास झाल्याची घंटा झाली आणि आम्ही आपापल्या वर्गांकडे गेलो. पण मामांचा प्रश्न काही माझी पाठ सोडीना. अडीच हजार वर्षांच्या नाण्यांच्या व्यवहाराचे सार त्यांनी तीन शब्दांत सांगितले होते. ज्याच्यावर कोणाचे रूप नाही, ते चालणार कोणाच्या हमीवर?

आणि मग ध्यानात आले की या नाण्याचे नवल त्याच्या चांदीत नाहीच. स्वतंत्र भारताने पहिले स्मारक नाणे पाडले १९६४ साली, त्यावर नेहरू होते. १९६९ मध्ये गांधीजी आले. दोघेही त्या मानाला सर्वस्वी पात्र. पण ती अखेर थोरांची रूपे. १९७२ साली मात्र जिथे विल्यम आणि व्हिक्टोरिया बसून गेली त्या जागी, खुद्द स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या नाण्यावर, नावगाव नसलेली दोन माणसे उभी राहिली. आणि त्या दोघांत एक बाई. हमी कोणाची, तर या दोघांची. संसद त्यांच्या पाठीशी. ती मागे, ही पुढे. लोकशाहीची व्याख्या मी पाठ्यपुस्तकांतून वाचली आहे. एवढ्याशा जागेत, बोटाने चाचपून पाहता येईल अशी, पहिल्यांदाच पाहिली.

आता त्या सालाकडे नीट पाहू, कारण साल नाण्यावर छापले आहे. १४ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्री दिल्लीला संसदेची खास बैठक भरली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीची आठवण म्हणून. दिव्यांची आरास झाली, भाषणे झाली. इकडे आमच्या मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात पाऊस नव्हता. पिके जळाली, विहिरींनी तळ दाखवला. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की आजही आमच्याकडची म्हातारी माणसे बोलणे थांबवून क्षणभर गप्प होतात. सरकारने जागोजाग कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्यांत बायांची संख्या मोठी.

त्या ५० लाखांत एक माझी आजी होती. खडीच्या ढिगावर बसून हातोडीने दगड फोडणे हे तिचे काम. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीची चव विचारली की ती तोंड फिरवून बसे. त्या उन्हाळ्यात तिचे तोडे गेले. वीस कलदार आटवून तिच्या आईने करून दिलेले तोडे! बैलांना कडबा घ्यायचा होता. म्हणजे ज्या वर्षी सरकारने स्वातंत्र्याच्या नावाने चांदीचे नाणे पाडले, त्यानंतर वर्षभराच्या आत आमच्या घरातली चांदी घराबाहेर पडली. हा काही कोणाचा कट नव्हे. दोन्ही गोष्टी वर्षभराच्या आत झाल्या एवढेच. पण ज्या बाईचे रूप नाण्यावर होते, ती बाई त्या नाण्यापासून किती कोस दूर होती हे यावरून कळावे. दहा रुपयांच्या त्या नाण्याने कोणी भाजी घेतली, कडबा घेतला असे सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. ते टाकसाळीतून निघाले आणि मखमलीत शिरले. ‘चलन’ म्हणजे जे चालते ते. हे नाणे चलनाच्या नावाने जन्मले आणि एक पाऊलही चालले नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. सरकारने त्याच वर्षी त्याच चित्राचे दुसरे एक नाणे पाडले होते. तांबे-निकेलचे, पन्नास पैशांचे. तेच संसद भवन, तोच ध्वज, तेच जोडपे. याला डबी नव्हती. हे एस. टी. च्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत गेले, किराण्याच्या गल्ल्यात गेले, जत्रेत गेले, आणि दुष्काळी कामाच्या पगारातून माझ्या आजीच्या मुठीत आले.

आजीच्या पानाच्या चंचीत अशी दोन नाणी शेवटपर्यंत होती. मी लहान असताना एकदा म्हटले, “आजी, ही आता खर्च करून टाक ना. गोळ्या येतील.” ती म्हणाली, “न्हाई लेकरा. ती माझी हायेत.”

“म्हणजे बाकीचे पैसे तुझे नव्हते?”

“नोट कारभाऱ्याची अन् चिल्लर माझी. तसंच व्हतं. पर पगार माझ्या हातावर द्यायचे. माझं नाव पुकारून.”

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. यातले मला काहीच उमगले नाही. आज उमगते. घरच्या शेतात ती जन्मभर राबली, त्याचा कोणी हजेरीपट ठेवला नव्हता. तिथे ती अमक्याची सून आणि तमक्याची बायको. खडीच्या ढिगाशी मात्र कारकून हजेरीपट उघडून तिचे नाव वाचीत असे, ती अंगठा करीत असे, आणि पैसे तिच्या तळहातावर पडत. दुष्काळाने तोडे नेले, हे खरेच. पण आयुष्यात पहिल्यांदा सरकारदप्तरात तिचे नाव चढले तेही त्याच दुष्काळात. नोटा घरी पोचल्यावर आजोबांकडे जात. सुटे पैसे तिच्या चंचीत राहत. त्या सुट्यांवर एक बाई ध्वज घेऊन उभी आहे, हे तिला वाचता येत नसले तरी दिसत होते. तिने त्याबद्दल कधी काही म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि मीही तिच्या तोंडी वाक्ये घालणार नाही. दोन नाणी ठेवली, एवढे खरे.

तेव्हा त्या सालचे खरे स्मारक कोणते, असे मला विचाराल तर मी चांदीचे नाणे दाखवणार नाही. १९७२ सालीच महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिच्यामागे वि. स. पागे यांची खटपट होती. विधान परिषदेचे ते सभापती, सर्वोदयी वळणाचे. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. त्या योजनेत खोट्या हजेऱ्या झाल्या, अर्धवट तलाव राहिले, मुकादमांनी हात मारले. हे मी नाकारीत नाही. आमच्या भागात राहणाऱ्याला ते नाकारता येतही नाही. पण नाण्यावर माणसाचे रूप ठोकायचे आणि कायद्यात त्याच माणसाला हक्क द्यायचा, या दोन गोष्टी एका सालापासून निघाल्या आहेत. पहिलीला ठसा म्हणतात; दुसरी त्या ठशाची हमी.

आणि हमीला पैसा लागतो. तो कोठून आला, हे तुम्हां-आम्हां पगारदारांना ठाऊक असायला हवे, पण बहुधा नसते. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करीत असाल तर आपले पगारपत्रक काढा. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ असा एक आकडा दिसेल. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. दर फेब्रुवारीत आमच्या अध्यापक-कक्षात त्या जादा शंभर रुपयांवरून कुरकुर होते. हा कर १९७५ साली बसवला गेला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून. शहरात, कचेरीत, वर्गात सावलीला बसणाऱ्याने उन्हात खडी फोडणाऱ्यासाठी द्यायचा तो वाटा. चांदीचे नाणे डबीत ठेवणारा आणि पन्नास पैसे चंचीत ठेवणारी, या दोघांना जोडणारा धागा असा पगारपत्रकाच्या एका ओळीत दडलेला आहे.

त्यानंतरही स्वातंत्र्याच्या वाढदिवसांची नाणी निघालीच. १९९७ च्या सुवर्णमहोत्सवाला पन्नास पैशांचे नाणे निघाले ते चक्क पोलादाचे. सोन्याचे नाव आणि लोखंडाचे काम! अमृतमहोत्सवात, ६ जून २०२२ ला, एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांची मालिका आली. तिच्यावर महोत्सवाचे बोधचिन्ह आहे. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, त्या निमित्ताने ७५ रुपयांचे नाणे निघाले. ४४ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे ३५ ग्रॅम वजनाचे. त्यातले मिश्रण वाचून मला जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, पाच निकेल, पाच जस्त. १९४० च्या रुपयाचीच पाककृती!

त्या नाण्यावरही संसद आहे. १९७२ च्या नाण्यावरची गोल इमारत आता ‘संविधान सदन’ झाली, ही नवी. १९७२ च्या नाण्याचे चित्र आणि हे चित्र मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. इमारत दोन्हींवर आहे. ध्वज घेऊन पुढे उभे असलेले जोडपे तेवढे नव्यावर नाही. मी राजकारण बोलत नाही. सदराच्या मालकाने मला तेवढी सवलत दिलेलीही नाही. ठसा काढणाऱ्या कारागिराला जागा पुरली नसेल, किंवा प्रसंगच इमारतीचा होता असेही म्हणता येईल. पण मामांचा प्रश्न घेऊन पाहणाऱ्याला ती मोकळी जागा टोचते. इमारत हमी देत नाही. हमी माणसे देतात, आणि माणसांनाच ती द्यावी लागते.

पन्नास पैशांचे नाणे कायद्याने आजही चलनात आहे. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी बाद झाली, तेव्हा हेच एक धाकटे वाचले. दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात ते कोणी नाकारू नये असा नियम आहे. आणि बाजारात ते कोणी घेत नाही, हाही नियमच आहे. म्हणजे हक्क कागदावर शाबूत आणि व्यवहारात मात्र कोणी ओळख देत नाही, अशी त्याची अवस्था. ज्या माणसांचे चित्र त्यावर आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांना ही अवस्था नवी वाटणार नाही.

तर वाचकहो, या दिवाळीत घरातले ड्रॉवर आणि जुने डबे उपसताना एखादे पन्नास पैशांचे नाणे हाती लागले, तर ते मुलांच्या खेळात टाकण्यापूर्वी साल पाहा. १९७२ असेल तर ते ताटात ठेवा. सराफाची चकती राहू द्या. तिला काही हरकत नाही. आणि घरातल्या लहानाने विचारलेच की याच्यावर कोण आहे, तर ‘कोणी नाही’ असे मात्र सांगू नका. तेवढ्या एका उत्तराने नाणे खोटे पडते.